पहिली चाहूल : दिवस राहिल्याच्या आरंभीच्या खुणा आणि घरातील माणसे

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेनंतरच्या स्नेहमेळाव्यात स्त्रीरोग व प्रसूती विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आमच्या विभागाने वर्षभरातील कामाचा आढावा सादर करावा, असा प्रघात आहे. किती प्रसूती झाल्या, किती शस्त्रक्रिया झाल्या, याचे तक्ते अहवालात आहेतच. ते वाचून दाखवून आपला वेळ घेणार नाही. यंदा विश्वस्तांच्या अनुमतीने आम्ही एका अशा गोष्टीविषयी बोलणार आहोत, जी रुग्णालयात घडतच नाही. ती घरात घडते. स्वयंपाकघरात फोडणीचा वास आला आणि सूनबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेली, तिथे ती घडते. आमच्यापर्यंत तिची वार्ता पोहोचते, ती बहुधा उशिराच.

एक प्रसंग सांगतो. नावगाव सांगणार नाही, आणि ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. लग्नाला वर्ष झालेली एक मुलगी. पाळी बारा-तेरा दिवस लांबली होती. सकाळचा चहा नकोसा झाला होता. सासूबाई चाणाक्ष, त्यांनी न विचारताच ओळखले आणि सुनेला प्रेमाने बजावले, की तीन महिने भरेपर्यंत कोणाजवळ बोलायचे नाही. पुढे थोडे रक्त दिसले, तेव्हा मुलीला वाटले की लांबलेली पाळीच आली असावी. ओटीपोटात उजव्या अंगाला दुखू लागले, तेही तिने तीन दिवस अंगावर काढले. चौथ्या दिवशी पहाटे ती न्हाणीघरात कोसळली. आमच्याकडे आणले तेव्हा चेहरा कागदासारखा पांढरा, नाडी हाताला जेमतेम लागत होती. गर्भ गर्भाशयात न रुजता बीजवाहिनीत रुजला होता, आणि ती नलिका फुटून पोटात रक्तस्राव झाला होता. तातडीने शस्त्रक्रिया झाली, रक्त वेळेवर मिळाले, मुलगी वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हांड्यात सासूबाई आम्हाला म्हणाल्या, "डॉक्टर, मी तिच्या भल्यासाठीच गप्प राहायला सांगितलं हो. दृष्ट लागू नये म्हणून."

त्यांना काय उत्तर द्यावे, हे त्या वेळी आम्हाला सुचले नाही. आजचे हे बोलणे म्हणजे काहीसे ते राहून गेलेले उत्तर आहे.

तीन महिने वाच्यता न करण्याची आपल्याकडील रीत निव्वळ अंधश्रद्धा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. तिच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. निदान झालेल्या गर्भधारणांपैकी साधारणपणे दहा ते वीस टक्के गर्भ आपोआप पडून जातात, आणि त्यांतील बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच. गावभर पेढे वाटून झाल्यावर पुन्हा गावभर दुःखाची वार्ता सांगावी लागू नये, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या प्रश्नांनी त्या बाईचे मन पुनःपुन्हा सोलले जाऊ नये, एवढी समज त्या रीतीत आहे. आमचे म्हणणे इतकेच, की ही रीत शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी आहे, नातलगांसाठी आहे. ती वैद्यासाठी नव्हती आणि नसावी. दृष्ट लागू नये म्हणून ज्या तीन महिन्यांवर पडदा टाकायचा, नेमक्या त्याच तीन महिन्यांत बाळाचा सगळा घाट घडत असतो.

हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. गर्भारपणाचे दिवस आम्ही मोजतो, ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. त्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. पाळी नियमित असणाऱ्या स्त्रीने त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले, की प्रसूतीची अंदाजे तारीख निघते; १० जूनला शेवटची पाळी आली असेल तर पुढील १७ मार्च. या हिशेबाने ज्या दिवशी पाळी चुकते, त्या दिवशीच चार आठवडे झालेले असतात. सहावा आठवडा संपेपर्यंत बाळाच्या मेंदूचा आणि कण्याचा पाया असलेली नलिका मिटून पूर्ण होते. त्याच सुमारास सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसू लागतात. म्हणजे पाळी चुकल्यावर "बघू या आणखी पंधरा दिवस" असे आपण म्हणतो, तेवढ्या अवधीत हे सारे होऊन गेलेले असते.

आता खुणांविषयी. पाळी चुकणे ही सर्वांत भरवशाची खूण खरी, पण ती सगळ्यांच्या बाबतीत लागू पडत नाही. ज्यांची पाळी मुळातच अनियमित, त्यांना चुकली केव्हा हेच कळत नाही. अंगावर पिणारे मूल असलेल्या आईला वाटते, की दूध चालू आहे तोवर दिवस राहणार नाहीत. हा भरवसा फक्त पहिल्या सहा महिन्यांपुरता, तोही बाळ केवळ आईच्याच दुधावर असेल आणि पाळी पुन्हा सुरू झाली नसेल, तरच. चाळिशी ओलांडलेल्या कित्येक जणी पाळी जायला लागली असे समजून चार महिने काढतात. आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीने तर पाळी चुकताच यावे. शस्त्रक्रिया क्वचितच निष्फळ ठरते. परंतु ठरली, तर गर्भ नलिकेत असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच अधिक असते. तांबी बसविलेल्या स्त्रीलाही हेच लागू आहे.

याच्या उलट प्रकारही होतो. पाळीच्या अपेक्षित तारखेच्या आसपास किंचित डाग दिसतो आणि स्त्री समजते, की पाळी आली. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजताना असे थोडे रक्त काही जणींना दिसू शकते. नेहमीपेक्षा कमी, नेहमीपेक्षा थोडक्यात आटोपलेली अशी पाळी असेल, तर तिला पाळी म्हणण्याआधी तपासणी करून घ्यावी.

बाकीच्या खुणा आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायका आमच्याहून आधी ओळखतात. छाती जड होणे, दुखणे, स्तनाग्रांभोवतीचा भाग काळसर होणे. दुपारी बसल्या जागी डोळे मिटणे. वारंवार लघवीला जावे लागणे. पोट फुगल्यासारखे वाटणे, शौचाला साफ न होणे. उगाचच रडू येणे. सुश्रुताने शारीरस्थानात गर्भ नुकताच राहिलेल्या स्त्रीची लक्षणे सांगितली आहेत, त्यांत थकवा, ग्लानी, तहान आणि मांड्या गळाल्यासारखे वाटणे यांचा उल्लेख आहे. आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या मुलीही नेमके हेच सांगतात, फक्त त्या म्हणतात, "डॉक्टर, पाय उचलवत नाहीत." हा आळस नव्हे. गर्भ टिकवून धरणाऱ्या संप्रेरकाचा तो परिणाम आहे. त्याच संप्रेरकाने रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून एकदम उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यानेच आतड्यांची गती मंदावते. लघवी वारंवार होण्याचे कारण मूत्रपिंडांकडे वाढलेला रक्तपुरवठा. परंतु लघवीला जळजळ होत असेल, तर ती गर्भारपणाची खूण नाही. जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यावर उपचार हवेत.

यांपैकी एकही खूण खात्रीची नाही. खात्री करायची ती तपासणीने. घरी करावयाची लघवीची तपासणी आता औषधाच्या दुकानात सहज मिळते, आणि 'निश्चय' नावाचा सरकारी संच आशा कार्यकर्तीकडून मिळण्याची सोय आहे. पाळी चुकलेल्या दिवसापासून ही तपासणी बहुधा खरे उत्तर देते. सकाळची पहिली लघवी घ्यावी. उत्तर नकारार्थी आले आणि पाळी तरीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करावी. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी, की दोन रेघा उमटल्या म्हणजे गर्भ आहे एवढेच कळते; तो कोठे आहे हे कळत नाही. आरंभी सांगितलेल्या मुलीने तपासणी केली असती, तरी दोन रेघाच आल्या असत्या. म्हणून पहिली सोनोग्राफी सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास करून घ्यावी, असा आमचा आग्रह असतो. पोटात एका बाजूस दुखणे, खांद्याच्या टोकाशी विनाकारण कळ, भोवळ, रक्त दिसणे, यांतले काहीही झाले, तर त्या आठवड्याचीही वाट पाहू नये. रात्र असली तरी यावे. पोटात साठलेल्या रक्ताने श्वासपटल चाळवते, म्हणून खांदा दुखतो. अनेकांना ही वाताची कळ वाटते आणि तेल चोळण्यात मोलाचे तास जातात.

आता उलट्यांविषयी थोडे विस्ताराने बोलू द्या, कारण या विषयात घराघरांत सर्वाधिक अन्याय होतो असे आमचे मत आहे. "आम्ही नाही का बाळंतपणं केली?" हे वाक्य आमच्या खोलीत, पडद्याच्या या बाजूला, आम्ही किती वेळा ऐकले याची गणती नाही. मळमळ साधारणपणे पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या सुमारास भर असतो, आणि बहुतेकींची बारा ते सोळा आठवड्यांपर्यंत ओसरते. नाव 'सकाळच्या उलट्या' असे पडले असले, तरी ती दिवसभर आणि रात्रीही होते. एकीला काहीच होत नाही आणि दुसरीला पाण्याचा घोट पचत नाही, याचे कारण मनोबल नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मार्लेना फेझो, स्टीफन ओ'राहिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. गर्भ आणि वार यांच्याकडून जीडीएफ-१५ नावाचे एक संप्रेरक मोठ्या प्रमाणात आईच्या रक्तात येते. गर्भारपणापूर्वी ज्या स्त्रीच्या रक्तात ते मुळातच कमी असते, तिच्या शरीराला त्याची सवय नसते आणि तिला त्रास अधिक होतो. थॅलेसेमियाच्या ज्या रुग्ण स्त्रियांच्या रक्तात हे द्रव्य आधीपासूनच जास्त असते, त्यांना मळमळ फारशी होत नाही असेही आढळले. तेव्हा सासूबाईंना त्रास झाला नाही आणि सुनेला झाला, यात कोणाचेच श्रेय नाही आणि कोणाचाच दोष नाही. उलट्या फार झाल्या म्हणजे मुलगी आणि डोहाळे तिखटाचे लागले म्हणजे मुलगा, या हिशेबांबद्दल आम्ही बोलणार नाही. लिंगनिदान कायद्याने गुन्हा आहे, एवढे या प्रसंगी पुरे.

उपाय साधे आहेत. रात्री उशाशी भाजलेली कोरडी पोळी, चुरमुरे किंवा साळीच्या लाह्या ठेवाव्यात आणि अंथरुणातून उठण्याआधी दोन घास खाऊन पंधरा-वीस मिनिटे पडून राहावे. रिकामे पोट मळमळ वाढविते, भरलेलेही वाढविते. म्हणून दर दोन तासांनी थोडे थोडे. पाणी जेवणाबरोबर न घेता मध्ये मध्ये घोटाघोटाने. गरम अन्नापेक्षा निवलेल्या अन्नाचा वास कमी येतो. दहीभात, ताक, कोकमाचे सार, मऊ भात यांतले जे रुचेल ते. आल्याचा उपयोग होतो, हे अभ्यासांतही दिसले आहे. उलटी झाल्यावर लगेच दात घासू नयेत, चूळ भरून थांबावे. पोटातील आम्लाने दातांवरचे कवच त्या वेळी मऊ झालेले असते. आणि ज्या घरात फोडणीच्या वासाने सुनेला उमळते, त्या घरात दोन महिने फोडणी दुसऱ्या कोणी द्यावी. हा सल्ला आम्ही नवऱ्यांकडे पाहून देतो.

दुसऱ्या काही सवयींविषयीही येथेच बोलतो. तोंडाची बेचव जावी म्हणून आपल्या भागातील काही स्त्रिया मिश्री लावतात, आणि गर्भारपणात ती वाढते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. मुंबईतील १,२१७ स्त्रियांच्या अभ्यासात, जो २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला, तंबाखू खाणाऱ्या व लावणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरीने १०५ ग्रॅमने कमी भरले. माती, खडू, राख, कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हा डोहाळ्यांचा लाडिक प्रकार समजू नये. बऱ्याचदा ती रक्तातील लोह कमी असल्याची खूण असते. ते खाणे चोरून चालते, म्हणून आम्ही विचारतो तेव्हा रागावत नाही; घरच्यांनीही रागावू नये.

ज्या उलट्यांत चोवीस तास पाणीही टिकत नाही, लघवी गडद होऊन आठ-आठ तास होत नाही, वजन पाच टक्क्यांहून अधिक घटते, त्या साध्या उलट्या नव्हेत. तेथे दाखल करावे लागते. क्वचित जुळी असतात, क्वचित द्राक्षगर्भ असतो. सोनोग्राफीशिवाय कळत नाही. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात जाऊन नुसती ग्लुकोजची बाटली लावून घेण्याची प्रथा आहे. अनेक दिवस उपाशी असलेल्या शरीराला आधी ब-१ जीवनसत्त्व न देता ग्लुकोज दिले, तर मेंदूला इजा पोहोचू शकते. तेव्हा बाटली लावण्यापूर्वी किती दिवसांपासून खाणे नाही, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

औषधांविषयी दोन टोकांची भीती आम्ही पाहतो. दोन्हींना इतिहास आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचे आणि शामक औषध बाजारात आले. ते निर्धोक म्हणून विकले गेले आणि अनेक देशांतल्या गर्भवतींनी मळमळीसाठी घेतले. १९६१ मध्ये जर्मनीतील लेन्झ आणि ऑस्ट्रेलियातील मॅकब्राइड यांनी धोक्याची घंटा वाजविली, तोवर हजारो बाळे हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली होती. एकूण आकडा दहा हजारांच्या वर मानला जातो. पुढे लक्षात आले, की इजा होण्याचा काळ शेवटच्या पाळीपासून पाचव्या ते सातव्या आठवड्यांतला होता. म्हणजे पाळी चुकल्यापासून जेमतेम तीन आठवडे. हाच तो काळ, ज्यात आपल्याकडे बोलायचे नसते. म्हणून पाळी लांबली असेल तर ताप, अंगदुखी, मुरुमे, कसल्याही गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, आणि एक्स-रे काढणाऱ्याला आधी सांगावे. दुसरे टोक असे, की भीतीने सगळीच औषधे बंद करायची. अपस्माराच्या, थायरॉईडच्या, रक्तदाबाच्या रुग्ण स्त्रियांनी गोळ्या परस्पर बंद केल्या, तर आईच्या जिवावर बेतते. त्या बदलाव्या लागतील, पण बदलणारे डॉक्टर असावेत. मळमळीवरील डॉक्सिलामाइन आणि ब-६ यांच्या मिश्रणाचेच पाहा. अमेरिकेत ते १९८३ मध्ये खटल्यांच्या ओझ्यामुळे बाजारातून गेले. व्यंगे होत असल्याचा पुरावा मात्र अभ्यासांत मिळाला नाही, आणि २०१३ मध्ये तेच मिश्रण तेथे रीतसर परवानगीने परत आले. मधली तीस वर्षे स्त्रियांनी विनाकारण सोसले.

एका गोळीसाठी मात्र आम्ही आग्रह धरतो, आणि तिचा संबंध आपल्या मुंबईशी आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांना होणारा एक जीवघेणा रक्तक्षय हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. हाफकिन संस्थेत काम करताना त्यांना आढळले, की यीस्टचा स्वस्त अर्क दिला असता या स्त्रिया बऱ्या होतात. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातील जे द्रव्य गुणकारी होते, ते म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फोलिक आम्ल. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासाने दाखविले, की कण्याचे व्यंग असलेले मूल ज्यांना आधी झाले होते, अशा स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून हे आम्ल घेतले, तर पुन्हा तसे होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. मेंदू-कण्याची नलिका सहाव्या आठवड्यातच मिटते, हे मघाशी सांगितले. तेव्हा तिसऱ्या महिन्यात सुरू केलेल्या गोळीचा या कामी उपयोग नाही. मूल हवे असे ठरले, की त्याच दिवसापासून रोज ४०० मायक्रोग्रॅम. मोठी मात्रा कोणाला द्यायची, ते आम्ही ठरवू. लोहाची गोळी बहुधा चौथ्या महिन्यापासून देतात, कारण आरंभी ती मळमळ वाढविते. हिमोग्लोबिन फार कमी असेल, तर मात्र थांबता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या मातांचे प्रमाण त्याच पाहणीत ७० टक्के होते. उरलेल्या तीस टक्क्यांतल्या स्त्रिया आम्हाला रोज भेटतात.

पहिल्या भेटीत आम्ही काय करतो, हेही सांगितले पाहिजे, कारण भीती त्याचीच असते. रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉईड, लघवी, एचआयव्ही, कावीळ-ब आणि उपदंश यांच्या चाचण्या. विदर्भातून किंवा नंदुरबारकडून आलेल्या कुटुंबांत सिकलसेलची चाचणी. पत्नीचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर पतीचाही पाहावा लागतो. ऊसतोडीच्या हंगामात आपल्या परिसरात येणाऱ्या स्त्रियांना शेवटच्या पाळीची तारीख बहुधा आठवत नाही; "गाडी सुटली त्याच्या आधी" असे उत्तर येते. मग आम्ही दिवाळी, पोळा, गौरी-गणपती असे मागे मागे जात हिशेब लावतो आणि सोनोग्राफीने तो पडताळून पाहतो. पहिल्या बारा आठवड्यांत हे मोजमाप जितके अचूक येते, तितके नंतर येत नाही. हे सोनोग्राफी यंत्र आपल्यापैकी काहींच्या देणगीतून आले आहे. त्याचा सर्वांत अधिक उपयोग कोठे होतो, असे कोणी विचारले तर आम्ही या तारखांकडे बोट दाखवू.

ज्यांचा गर्भ टिकत नाही, त्यांच्याविषयी दोन शब्द. अशी स्त्री आमच्यासमोर बसते तेव्हा तिने कारण आधीच शोधून ठेवलेले असते. मी पाण्याचा हंडा उचलला, मी बसने माहेरी गेले, मी पपई खाल्ली. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष असतो; तो गर्भ कितीही जपला, तरी वाढणारा नसतो. पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी गर्भ पडतो, याला आधार नाही. आम्ही हे तिला सांगतो; परंतु घरी गेल्यावर तिला पुन्हा हंड्याचीच आठवण करून दिली जाते.

दोष सगळा घरांचाच आहे, असे म्हणून चालणार नाही. आमचेही चुकत होते. काही वर्षांपूर्वी आमच्या नोंदणी खिडकीवर सर्वांदेखत विचारले जाई, "कितवा महिना?" एके दिवशी रांगेत उभी असलेली एक मुलगी तो प्रश्न ऐकून, उत्तर न देताच मागे वळली. तिच्या मागे तिच्याच आळीतली बाई उभी होती, हे आम्हाला नंतर कळले. ती परत आली पाचव्या महिन्यात, हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलेले असताना. लोकांनी गुप्तता पाळावी की न पाळावी, हे ठरविण्याचा अधिकार आमचा नव्हता. त्यांचे गुपित राखणे मात्र आमचे काम होते, आणि ते आम्ही केले नव्हते. त्यानंतर खिडकीवरचा तो प्रश्न बंद झाला. आता नोंदणीपत्रकावर विभागाचे नाव न लिहिता क्रमांक लिहिला जातो आणि तपासणीची खोली दर्शनी वऱ्हांड्यातून हलविण्यात आली आहे. काम क्षुल्लक वाटेल, परंतु त्यासाठी भिंत पाडावी लागली आणि खर्च विश्वस्तांनी मंजूर केला, याची नोंद येथे कृतज्ञतेने करतो.

आरंभी सांगितलेली मुलगी पुढे दीड वर्षाने आली. पाळी चुकून अकरा दिवस झाले होते. बरोबर सासूबाई होत्या, आणि त्यांच्या पिशवीत घडी करून आणलेले कॅलेंडरचे पान होते; शेवटच्या पाळीची तारीख पेन्सिलीने गोल केलेली. सोनोग्राफीत गर्भाची पिशवी गर्भाशयातच, जेथे असावी तेथे दिसली. बाहेर पडताना सासूबाई दारात थांबून म्हणाल्या, "शेजारी मात्र अजून कोणाला सांगितलेलं नाही हो."

आरंभीच्या महिन्यांच्या तपासणीसाठी येताना चिठ्ठी किंवा शिफारस लागत नाही. शेवटच्या पाळीची तारीख, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि आधीची कागदपत्रे असतील तर ती सोबत आणावीत. नसतील तरी यावे. पोटदुखी, भोवळ किंवा रक्तस्राव असल्यास नोंदणीसाठी न थांबता थेट अपघात विभागात यावे. तेथे स्त्रीरोग विभागाच्या डॉक्टर रात्रीही उपलब्ध असतात.